तिसऱ्या प्रकरणातली नांगरट

आमच्या सरांना शेअर केलेली फाईल म्हणजे एसटीतली रिझर्व्हेशनची सीट वाटायची. आपण टेकलो की दुसऱ्यानं तिथं बसायचं नाही. मी आणि संघपाल फाईल उघडून कामाला लागलो की सरांचा फोन यायचाच.

"तुम्ही दोघं बाहेर निघा बघू. मला वाचायचंय."

आम्ही निघायचो. सर वाचायचे. वाचून झालं की बाजूला कॉमेंट टाकायचे, "सुधारा." त्याच्या खाली "आपला, डॉ. गुरुपादप्पा." त्याच्याही खाली तारीख आणि गाव. प्रत्येक कॉमेंटला. एकदा त्यांनी सगळं दुसरं प्रकरण सिलेक्ट करून त्यावर "ओके" टाईप केलं. सरांना म्हणायचं होतं की प्रकरण चांगलं झालंय. पण प्रकरण गेलं आणि ओके राहिलं. फाईलचा इतिहास उघडून जुनं परत आणता येतं हे मला त्या दिवशी संघपालनं दाखवलं. नाहीतर मी विभागाच्या पायऱ्यांवर बसून गळा काढणार होते.

संघपाल हदगावचा. माझ्यासारखाच नांदेडला पीएच.डी. करत असलेला, कापूस बाजारावर. माझे नकाशे तोच करून द्यायचा, बदल्यात त्याचं शुद्धलेखन मी बघायचे. मी जळकोट तालुक्यातल्या गव्हाणवाडीची. माझा विषय होता शेतांची नावं. सातबाऱ्यावर नुसता गट नंबर असतो, पण गावात कुणी म्हणत नाही की मी गट नंबर अमुकात चाललो. चिंचंचं, बोअरचं, लवणाचं, बरडाचं, म्हसोबाचं. अशी सगळी नावं मी रानोमाळ फिरून गोळा केली होती आणि ती तिसऱ्या प्रकरणात होती. तिसरं प्रकरण म्हणजेच प्रबंध. बाकीच्या प्रकरणांत व्याख्या.

सर एप्रिलअखेर रिटायर होणार होते. त्याच्या आत प्रबंध जमा झाला तर मी डॉक्टर. नाही झाला तर नवा मार्गदर्शक बघा, नवी समिती बघा. आणि मुदतवाढ म्हणाल तर मिळायची तेवढी घेऊन झाली होती. म्हणजे नोंदणी रद्द आणि जन्मभर गावात 'डॉक्टर होणार होती ती' एवढीच पदवी.

अशात बापूंचा फोन आला. बापू म्हणजे माझे वडील, हणमंतराव.

"आपल्या रानाची नावं बरोबर लिवलीस का न्हाई ते बघू दे की."

मी लिंक पाठवली. घाईत ती लिहायच्या परवानगीसकट गेली. बापूंनी ती अभिमानानं 'गव्हाणवाडी सोयाबीन भाव' या ग्रुपवर टाकली.

दुपारपर्यंत अख्खं गाव माझ्या प्रबंधात होतं.

वरच्या कोपऱ्यात रंगीबेरंगी गोलांची जत्रा भरली. भागवतकाकांनी प्रस्तावनेत "राम राम मंडळी" लिहिलं. कुणीतरी विचारलं, आज काय भाव. चौथ्या प्रकरणात 'निष्कर्षांचे उपयोजन' या मथळ्याखाली मळणी यंत्र भाड्यानं मिळेल अशी जाहिरात आली, मोबाईल नंबरसकट. आणि धोंडामाय, माझी चुलत आजी, तिनं नातवाच्या फोनवर बोलून टाईप केलं: "ए वर्षे चिंचंचं रान आमचं हाय बांध तुझ्या बापानं कोरलाय हे बी लिव्ह लिवलं का आरं बबलू हे बंद कसं करायचं बटन कुठाय मुडद्या."

खाली बापूंचं उत्तर: "मोजणी आणा."

त्याच्या बाजूला सरांची कॉमेंट: "प्राथमिक साधनांचा उत्तम वापर. आपला, डॉ. गुरुपादप्पा."

संघपाल हसून हसून खुर्चीवरून खाली आला. मग डोळे पुसत त्यानं परवानगी काढून घेतली. गोल एकेक करून विझले. भागवतकाका गेले, बबलू गेला, मळणी यंत्रवाला गेला.

एक राहिला.

मातकट रंगाचा गोल. आत अक्षर नाही, बोट ठेवलं तर नाव नाही. परवानग्यांच्या यादीत आम्ही तिघंच, मी, सर आणि संघपाल. पण गोल होता. शेअर फाईलमध्ये दुसरा माणूस लिहीत असला की त्याची छोटी उभी रेघ पानावर दिसते, तशी त्याची रेघही होती. तिसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या ओळीला. आणि ती चालत होती.

डावीकडून उजवीकडं, एका चालीत. ओळीच्या शेवटाला गेली की थांबायची. मग खालच्या ओळीवर उतरायची आणि उजवीकडून डावीकडं परत यायची. पुन्हा थांबायची, उतरायची, निघायची.

"व्हायरस हाय," संघपाल म्हणाला. "माझ्या मामाच्या सेवा केंद्रात असाच आला हुता."

"मग मामांनी काय केलं?"

"मामा पंचायत समितीला निवडून आला. त्याला टाइमच मिळाला न्हाई बघायला."

आम्ही फाईलची नवीन कॉपी केली. जुनी बंद केली, नवी उघडली. रेघ तिथं होती. जिथं सोडली होती तिथून पुढं चालत.

पहिल्यांदा बदललं ते 'बोअरचं'. रेघ त्या शब्दावरून गेली आणि मागं 'मोटंचं' राहिलं. मला वाटलं, गावातलाच कुणीतरी चहाटळ असणार. मी बोट आपटून परत 'बोअरचं' केलं. प्रकरण संपवून रेघ पुन्हा वर आली, दुसऱ्या फेरीला त्या शब्दावरून गेली. आता तिथं 'झिऱ्याचं' होतं.

झिरा म्हणजे रानात उकरून काढलेला पाण्याचा झरा, पण हे नाव मी कुणाकडून ऐकलं नव्हतं. मी धोंडामायला फोन लावला.

"आता काय? बांधाचं लिवलंस का?"

"लिहिते. माय, आपल्याकडं झिऱ्याचं रान म्हणून काही होतं का?"

पलीकडं शेळी ओरडली. मग नुसता वारा.

"कुणी सांगितलं तुला?"

"फाईलीत आलंय."

"माझी आजीसासू म्हनायची," धोंडामाय म्हणाली. आवाज एकदम उतरला होता. "ती गेली आन् ते नाव तोंडात घेनारं कुणी उरलं न्हाई. मी बी इसरले हुते. तू म्हनलीस तवा ध्यानात आलं बघ." जरा थांबून म्हणाली, "बांधाचं ऱ्हाऊ दे. नको लिवू."

धोंडामायनं बांधाचं सोडलं, तेव्हा पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला.

फाईलच्या इतिहासात बदल कुणी केला हे दिसतं. मी उघडलं. तिथं बदल नव्हताच. इतिहासाच्या मते 'झिऱ्याचं' आधीपासून होतं आणि मीच मध्ये केव्हातरी येऊन त्याच्यावर 'बोअरचं' लिहिलं होतं.

सर आले ते पुढच्या फेरीला. आम्ही संशोधक कक्षात कुलर लावून बसलो होतो, बाहेर एप्रिलचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं. सर येताना नेहमीसारखे "एकावेळी एकच" असं काहीतरी म्हणत आले आणि पडद्याकडं बघून थांबले. रेघेच्या मागं आता मराठी राहिलं नव्हतं. लिपी आपलीच, पण शब्द दुसरे.

"हुत्तद होल," सरांनी वाचलं. सरांचं गाव उदगीरच्या पलीकडं सीमेवर, घरात कन्नड. "वारुळाचं शेत. हळ्ळद दंडे. ओढ्याचा काठ." त्यांनी चष्मा पुसला. "हे कुणी लिहिलं?"

"कुणीच नाही, सर."

"मग त्याला काही करू नका. चालू दे."

सर खुर्ची ओढून बसले ते उठलेच नाहीत. पुढच्या फेरीला अक्षरं बदलली, गोलसर झाली. सर म्हणाले, हे हळगन्नड, जुनी कन्नड, मी ही फक्त दगडावर वाचलीय. एकेक अक्षर लावत ते वाचायला लागले, आणि वाचताना त्यांचा आवाज देवळात बोलतात तसा झाला. त्याच्या पुढच्या फेरीला त्यांना वाचता येईना. त्याच्याही पुढच्या फेरीला कॉम्प्युटरला वाचता येईना. अक्षर ओळखीचं नसलं की या मशिनी रिकामे चौकोन दाखवतात, तसे चौकोन यायला लागले. पाळीनं, एकामागं एक.

"फॉन्ट न्हाई," संघपाल म्हणाला. पण त्यालाही ते पटलं नव्हतं, कारण तो कुजबुजत म्हणाला.

लॅपटॉपच्या पंख्यातून गरम वारा यायचा. त्या वाऱ्याला वास होता. नवी मशीन तापली की येतो तो नाही. उन्हाळ्यात खोल नांगरलेल्या काळ्या रानाला येतो तो, कोरडा, जरासा कडू. मी कीबोर्डवरून बोट फिरवलं. बोटाला माती लागली.

खिडकीच्या बाहेर कठड्यावर बगळे येऊन बसले होते. पांढरे, गप्प, एका ओळीत. सगळ्यांची तोंडं आत, पडद्याकडं.

दुसऱ्या दिवशी बापू आले. ग्रुपवर लिंक टाकली म्हणून मी ओरडले होते, त्यावर तोडगा म्हणून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. दारातच सुरू झाले.

"तुझ्या आईनं सांगितलंय, पोरगी वाळून गेली आसंल. संघपाल, तूबी खा रे. सर, घ्या. जरा तिखट हाय, पन..."

आणि त्यांना पडदा दिसला.

त्यांनी डबा खाली ठेवला. रेघ उजव्या टोकाला गेली, थांबली, वळली. बापूंची मान तिच्याबरोबर वळली. मग त्यांनी हळूच पायातल्या चपला काढल्या आणि दाराबाहेर ठेवल्या. ते बघून सरांनीही बूट काढले. का, ते कुणी विचारलं नाही.

"हे नांगरून राहिलंय की गं," बापू म्हणाले.

"काय?"

"नांगराचा तास बघ कसा सरळ हाय. ट्रॅक्टर न्हाई, बैल हाईत. बांधाला गेले की दम घेत्यात, मंग वळत्यात. डावा म्हातारा हाय, त्यो जरा उशिरा वळतो." त्यांनी आमची बैलजोडी विकून लई वर्षं झाली होती. त्यांचा हात नकळत कासरा धरल्यासारखा झाला होता. "एवढं खोल आमच्या बापानं बी कधी नांगरलं न्हाई. खालची माती वर आनायलाय त्यो. आन् ह्ये बघ, ह्ये बघ. म्हसोबा सोडला."

खरंच. मी एवढ्या फेऱ्या बघत होते, पण हे बघितलं नव्हतं. 'म्हसोबाचं' हे एकच नाव पहिल्यापासून जसंच्या तसं होतं. रेघ त्या शब्दाजवळ आली की थांबायची, वरून वळसा घ्यायची, पलीकडं उतरायची. आमच्या रानात शेंदराचा दगड आहे, त्याला आजोबा असाच वळसा घालायचे. एवढी जागा पडीक सोडायची.

चौघंजण जमिनीवर बसून आम्ही ते बघितलं. कुणी धपाट्याला हात लावला नाही. मला आठवत नाही की इतकं मोठं काही मी आधी कधी बघितलंय. भीती नव्हती. लहानपणी विहिरीच्या काठावर पालथं पडून खाली बघायचे, तसं वाटत होतं, आणि खाली पाणी दिसतच नव्हतं.

मग तिसरं प्रकरण संपलं. रेघ शेवटच्या ओळीच्या टोकाला थांबली.

"झालं रान," बापू म्हणाले.

सर पुटपुटले, "आता छापू. आहे तसं छापू. परीक्षकाला काय कळायचं ते कळेल."

रेघ परत वर गेली नाही. चौथ्या प्रकरणातही गेली नाही. फाईल आपोआप सरकत सरकत पहिल्या पानावर आली. मुखपृष्ठावर.

तिथं रान नव्हतं. तिथं माणसांची नावं होती. एकाच ओळीत डावीकडं 'संशोधक: वर्षाराणी हणमंतराव बिरादार', उजवीकडं 'मार्गदर्शक: डॉ. गुरुपादप्पा'.

रेघ उजवीकडून शिरली.

ती सरांच्या नावावरून गेली. मागं एक दुसरं नाव राहिलं, जुन्या कुठल्यातरी पुरुषाचं, मग लगेच चौकोन. ती थांबली नाही. माझ्या आडनावाकडं निघाली.

"सर, तुमचं..." मी म्हणाले.

सर पडद्याकडं बघून मंद हसत होते.

"बापू, ती माझ्याकडं यायलीय."

बापू उठले. आयुष्यात त्यांनी कीबोर्डला हात लावला नव्हता. "म्हसोबा बसीव," ते म्हणाले. "वर्षे, म्हसोबा बसीव तिथं!"

मी माझ्या आडनावाच्या पुढं टाईप केलं. म्हसोबा. घाईत काना राहिला, परत टाकला.

रेघ येऊन त्याला टेकली.

थांबली.

कुलरचं पाणी टपकत होतं. खिडकीत एकाही बगळ्याचं पीस हलत नव्हतं.

मग तिनं वळसा घेतला. वरून, लांबून, माझ्या पूर्ण नावाला, आणि डाव्या कडेला जाऊन पानाच्या बाहेर गेली. कोपऱ्यातला मातकट गोल विझला.

मग संघपालनं बाकीचं केलं. तिसरं प्रकरण सर म्हणाले तसं, आहे तसंच ठेवलं. सरांचं नाव परत टाईप केलं. म्हसोबाला पांढरा रंग दिला, म्हणजे कागदावर दिसणार नाही पण असेल. "काढू नको हां त्याला," तो म्हणाला, "शिकलेला मानूस हाय मी, पन काढू नको." गेटजवळच्या दुकानात आम्ही प्रती काढल्या. माझं नाव ठळक, जागच्या जागी. मी त्यावरून चारचारदा हात फिरवला. बाईंडिंगवाल्यानं वर सोनेरी अक्षरांत तेच छापलं.

प्रमाणपत्रावर सरांची सही हवी होती. मी प्रत त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि तसेच बसले.

"इथं काय लिहायचं असतं?" त्यांनी विचारलं. अगदी शांतपणे.

"सर, तुमची सही."

"हां हां." ते बसून राहिले. मी छापलेल्या नावावर बोट ठेवलं. त्यांनी ते बघितलं, आणि शाळेतलं पोर फळ्यावरचं उतरवून घेतं तसं एकेक अक्षर उतरवलं. रात्री फाईलमध्ये त्यांची शेवटची कॉमेंट आली. "उत्तम. आपला," आणि पुढं मोकळं.

संघपाल म्हणाला, वय झालं, रिटायरमेंटचं टेन्शन असतं. मी मान डोलावली. मला सरांचं वाईट वाटलं. आणि खरं सांगते, त्याच्या आत कुठंतरी हायसंही वाटलं, की आपण वाचलो.

प्रबंध जमा करायला आम्ही सगळे गेलो. मी, संघपाल, बापू, आणि सर, त्यांचा नोकरीतला शेवटचा आठवडा म्हणून कौतुकानं आलेले. खिडकीसमोर बाकडी होती, बरीच पोरंपोरी गठ्ठे घेऊन बसलेली. माझ्या प्रती आत जाऊन पडल्या. वर पंखा फिरत होता. बापू कुणाला तरी फोनवर सांगत होते, "हाव, आजच. आता डॉक्टरच म्हनायचं."

बसल्या बसल्या माझ्या कपाळाच्या आत काहीतरी हललं. दुखलं नाही. हळू, जड, डावीकडून उजवीकडं गेलं. टोकाला थांबलं.

वळलं.

नाकात कोरड्या मातीचा वास आला आणि बरं वाटलं. लई बरं वाटलं.

खिडकीतल्या क्लार्कनं मान बाहेर काढून हाक दिली.

"वर्षाराणी बिरादार!"

कुणी उठलं नाही.

"अहो, वर्षाराणी हणमंतराव बिरादार कोण आहे? जमा करायचंय का घरी न्यायचंय?"

बाकड्यावरची पोरं हसली. बापूंनी फोन कानाचा काढला. संघपाल माझ्याकडं बघायला लागला होता.

सगळ्यांबरोबर मीही मागं वळून बघितलं, कोण पोरगी आहे ती.